तीन वाजताचा फोटो

इंदूबाई रामटेके वाचनालय उघडताना आधी कुलपाला बोलायच्या, मग दाराला, आणि आत गेल्यावर आदल्या संध्याकाळी पुरुषांनी चुरगळून टाकलेल्या वर्तमानपत्रांना. पानं नीट लावता लावता त्या कोणी काय वाचलं ते ओळखायच्या. शेतमालाच्या भावाच्या पानावर तंबाखूचे कण असायचे, शब्दकोड्याच्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या पेन्सिलीची अर्धवट अक्षरं. "एवढे शिकलेले लोक," त्या म्हणायच्या, "आन् पेपर घडी करता येत नाई."

प्रताप नगरच्या बाजूला आमचा लेआउट तेव्हा नवीन होता. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. निम्म्या प्लॉटांवर घरं होती, निम्म्यांवर बाभळी. वाचनालय म्हणजे एक हॉल, पुढे व्हरांडा, पुस्तकांची तीन कपाटं आणि दोन लांब टेबलं. इंदूबाई तिथल्या सेविका. कागदोपत्री त्यांचं काम झाडणं, पाणी भरणं आणि कुलूप लावणं. पुस्तकं देण्या-घेण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण ज्याच्याकडे ते होतं तो कधी वेळेवर येत नसे, आणि इंदूबाईंना दुसऱ्याच्या कामाची वाट पाहणं जमत नसे.

त्या स्वतः वाचायला शिकल्या पंचविसाव्या वर्षी. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर त्यांचे यजमान देवराव यांनी त्यांच्यापुढे पाटी ठेवली होती. देवराव खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला, आठवडाभर तिकडेच राहायचे, शनिवारी घरी यायचे. दर शनिवारी ते मागच्या आठवड्याचा धडा विचारायचे आणि बाईंना तो आलेला असायचा. पण वाचायला आल्यापासून, येत असून न वाचणाऱ्यांचा त्यांना राग यायला लागला, आणि तो पुढे कधी कमी झाला नाही.

दुपारी दोन ते चार हॉल बायकांसाठी उघडा ठेवायचा, हे त्यांनीच कमिटीच्या मागे लागून मिळवलं. सकाळी आणि संध्याकाळी तिथे पुरुष बसत. पायजम्यातले, बनियनवरचे, पाय टेबलावर टाकलेले. सुना-लेकी तिथे पाय ठेवणार नाहीत, हे उघड होतं. दुपारी हॉल नाहीतरी बंदच असायचा. तेव्हा कमिटीने हो म्हटलं, आणि पाच वर्षं त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

मग आमच्या लेआउटमधले एक एक गृहस्थ रिटायर होऊ लागले. दुपारी घरात नातवंडांचा गोंधळ, झोप लागत नाही, तेव्हा दुपारी हॉल आपल्याला मिळावा असा त्यांनी अर्ज केला. अर्जावर सतरा सह्या होत्या. बायकांनी कधी कशावर सही केलेली नव्हती.

वाचनालयाचे सेक्रेटरी वामनराव ठाकरे स्वतः रिटायर झालेले, पण त्यांनी त्या अर्जावर सही केली नव्हती. त्यांचं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलं होतं. मोजल्याशिवाय कुणाच्या बाजूने बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी इंदूबाईंना विचारलं, रोज बायका येतात किती?

बाईंजवळ आकडा तयार होता. टेबलावर दोन डबे असत. एकात चिंचोके. बाई आत आली की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. चार वाजता मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचं. नावं त्या लिहीत नसत, कारण नाव लिहायचं म्हटलं की निम्म्या बायका उंबऱ्यावरूनच परतत. त्यांनी कॅलेंडर दाखवलं. एकतीस, अठ्ठावीस, तेहेतीस.

वामनरावांनी दुसऱ्या दिवशी सव्वातीनला अचानक येऊन व्हरांड्यातून डोकावलं. आत नऊ बायका होत्या. चार वाजता त्यांनी चिंचोके मोजून घेतले. तीस भरले.

"बाकीच्या एकवीस कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं.

"घरी. कपडे काढाले गेली कोनी, कोनाचं दूध होतं गॅसवर."

"म्हणजे तीस वेगवेगळ्या बाया नव्हत्या."

"ते प्रेमिला घ्या तुमी. सासूचा डोळा लागला तं आली. डाळ भिजवाची राह्यली म्हनून गेली. पुन्हा आली. चक्कीवरून पीठ आनलं, मंग पुन्हा आली. तीन खेपा झाल्या तिच्या."

"एक बाई तीनदा आली, तर तीन बाया होतात का?"

"तीनदा वाचून गेली न ते."

वामनराव म्हणाले की एका शेताला तीन चकरा मारल्या म्हणून ते तिप्पट होत नाही. इंदूबाई म्हणाल्या की पेन्शनवाल्यांसारखं दोन तास पाय पसरून बसायला बाईला घरातून सुट्टी असती, तर चकरा माराव्या लागल्याच नसत्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. पण एक गोष्ट बाईंच्या जिव्हारी लागली. इतक्या वर्षांत त्यांनी एक चिंचोका जास्त टाकला नव्हता, आणि आज त्यांना खोटं ठरवलं होतं.

कमिटीची बैठक झाली. वामनरावांनी तोडगा काढला. चिंचोके म्हणजे पुरावा नाही. पुरुषमाणसाने आत बसून मोजलं तर बायका येणार नाहीत. तेव्हा कॅमेरा लावायचा. बारा दिवस, रोज दुपारी ठीक तीन वाजता, हॉलचा एक फोटो. बारा फोटोंतली तोंडं मोजायची. सरासरी वीस भरली तर तास बायकांचे, नाही भरली तर पेन्शनवाल्यांचे. ज्याचं तोंड दिसेल तेवढंच धरायचं, पाठ धरायची नाही. फोटो नंतर हॉलमध्ये लावायचे, म्हणजे कुणाला शंका असेल तर त्याने स्वतः मोजून पाहावं.

इंदूबाईंना हे सगळं नंतर ऐकवण्यात आलं. तीन वाजताच का, हे त्यांनी विचारलं. दोन आणि चारच्या बरोबर मधे म्हणून, असं उत्तर मिळालं. त्यांनी कपाळावर हात मारला. तीन ही दुपारची सगळ्यात वाईट वेळ होती. अडीचपर्यंत आलेल्या बायका तोवर चुलीपाशी परत गेलेल्या असत, आणि दुसऱ्या खेपेच्या यायच्या असत.

बजाजनगरच्या रस्त्यावर चंपतरावांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, मुंज, मुलगी दाखवायचे फोटो, क्वचित प्रेताचा. त्यांनी तिपाईवर एक जुना कॅमेरा आणला आणि हॉलच्या कोपऱ्यात उभा केला. एका रोलमध्ये बरोबर बारा फोटो बसत, म्हणून रोल संपेपर्यंत तो धुवायचा नाही असं ठरलं. कॅमेरा तिथेच राहणार. त्यावर त्यांनी काळं कापड टाकलं. तीनला येऊन कापड काढायचं, फोटो घ्यायचा, कापड टाकून जायचं. हॉलमध्ये उजेड कमी, तेव्हा फोटो निघेपर्यंत सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं.

पहिल्या दिवशी चंपतराव तीन वाजून वीस मिनिटांनी आले. सहा बायका होत्या. त्यांतल्या दोघी त्यांना पाहून उठून गेल्या आणि दोघी रस्त्यावरून जाताना काय चाललंय म्हणून आत आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सात, त्यातही एक चंपतरावांची बायको, डबा द्यायला आलेली.

तीन दिवसांत अठरा. इंदूबाईंनी बाकीच्या नऊ दिवसांचा हिशेब केला आणि त्यांचा जीव उडाला. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, बायांनो, काही करा पण तीन वाजता बसा. ज्या खरंच वाचत होत्या त्यांनी मान हलवली आणि आल्या नाहीत. पण बातमी मात्र नको तिथे गेली. वाचनालयात म्हणे फुकट फोटो निघते.

चौथ्या दिवशी पावणेतीनला बायका येऊ लागल्या. ठेवणीतली लुगडी, पातळं, कुंकू, डोळ्यांत काजळ. एकीने कडेवरचं पोर नटवून आणलं होतं, त्याचा आजवर फोटो निघाला नव्हता. दोघी बहिणी भांडत आल्या, कारण दोघींना एकच हार घालायचा होता. एकीनेही पुस्तकाच्या कपाटाकडे पाहिलं नाही. चंपतराव आले, त्या दिवशी वेळेवर, आणि त्यांच्यातला फोटोग्राफर जागा झाला. ठेंगण्या पुढे, उंच मागे. लेकुरवाळ्या खुर्चीवर. मधे टेबल, टेबलावर कुणीतरी आणलेली फुलं. सगळ्यांच्या हातात त्यांनी एक एक पुस्तक दिलं, नटलेल्या बाईच्या हातात शोभेल असं, जाड.

"अहो, वाचतानी काढा न फोटो," इंदूबाई म्हणाल्या. "हे काय वरात मांडून राहिले?"

"खाली मान घातली का तोंड येत नाई बाई. तोंड नाई आलं तं साहेब धरत नाई." चंपतराव कॅमेऱ्यावर वाकले. "आन् पाठीचा फोटो कोन काढते?"

पाठ एकच होती. सिंधूताई नावाच्या म्हाताऱ्या बाई, दोन वर्षांपासून रोज येणाऱ्या, खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेल्या. त्यांना चंपतरावांनी तीनदा वळायला सांगितलं. त्यांनी ऐकलंच नाही. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि पुस्तक संपायला चार पानं राहिली होती.

फोटो निघाला आणि पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. टेबलावर एकोणीस पुस्तकं उलटीपालटी पडली होती. इंदूबाईंनी ती कपाटात लावली. पाचव्या दिवशी बावीस. सहाव्या दिवशी चोवीस.

पाचव्या दिवशी आलेल्या बावीसजणींत गोपिकाबाई होत्या. वामनरावांची बायको. जरीकाठी नऊवारी, नाकात नथ, पायात सपाता. त्या दारातच इंदूबाईंचा हात धरून हळूच म्हणाल्या, "यायले सांगू नका बरं. यायचा अडीचले डोळा लागते तं चारले उघडते. मी आपली मागच्या दारानं येतो."

"साहेबायले माहीत नाई?"

"चाळीस वर्षांत मी एकटी घराबाहेर गेली, हेच यायले माहीत नाई." आणि त्या जाऊन पहिल्या ओळीत मधल्या खुर्चीवर बसल्या, जशी ती खुर्ची त्यांच्यासाठीच ठेवलेली होती. त्यानंतर त्या रोज आल्या. रोज तीच खुर्ची.

इंदूबाईंच्या एक गोष्ट लक्षात यायला सात दिवस लागले. फोटोसाठी येणाऱ्यांच्या गडबडीत त्यांनी स्वतःची माणसं मोजायचं सोडूनच दिलं होतं. आठव्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं. दोन ते चारमध्ये नेहमीच्या वाचणाऱ्या फक्त चौघी आल्या, त्याही चंपतरावांच्या आधी घाईने पुस्तक बदलून गेल्या. कॅमेऱ्यावर कापड होतं, तरी त्याच्यासमोरून जाताना त्या पदर ओढून घेत होत्या. प्रेमिला तर आठवडाभर आलीच नव्हती.

प्रेमिलाचं घर दोन गल्ल्या सोडून. बावीस-तेवीस वर्षांची पोर, सावनेरकडची. लग्नाच्या वेळी सातवी पास आणि आठवीत नाव घातलेली. तिला एका लेखिकेची कादंबरी आवडली तर ती त्या लेखिकेची कपाटातली सगळी पुस्तकं ओळीने वाचायची आणि मग बाईंवर रागवायची की अजून का नाहीत. इंदूबाई गेल्या तेव्हा ती अंगणात गहू निवडत बसली होती. सासू आत झोपलेली. बाईंनी काही विचारायच्या आधीच तिने बोटाने गप्प बसायची खूण केली आणि त्यांना फाटकाबाहेर नेलं.

"मावशी, तो फोटो हॉलमधी लावनार हाय का नाई?"

"लावनार म्हनतात."

"आमचे मामंजी रोज संध्याकाळी तेथंच पेपर वाचतात." तिने मागे घराकडे पाहिलं. "मी चक्कीवर जातो म्हनून येतो मावशी. चक्कीवर इतका टाइम लागत नाई, हे त्यायले कळत नाई, कारन ते कधी चक्कीवर गेले नाई. पन फोटोत मी दिसली तं त्यायले बरोबर कळन."

बाई म्हणाल्या की तू फोटोच्या वेळी बाहेर जा, मग ये. त्यावर प्रेमिलाने विचारलं की चंपतराव आज तीनला येतात, उद्या साडेतीनला, परवा अडीचला, कधी येतील ते तुम्ही तरी सांगू शकता का? प्रेमिला म्हणाली, "तुमी आमाले नाव विचारत नव्हत्या न मावशी, म्हनून आमी येत होतो." आतून सासूची हाक आली, आणि ती सूप घेऊन पळाली.

परत येताना इंदूबाई सगळ्या वाटेवर कुणाशी तरी भांडत होत्या. बहुतेक स्वतःशी. वीस तोंडं पाहिजेत म्हणून त्यांनीच तर दारोदार जाऊन सांगितलं होतं. आता तोंडं पंचवीस-पंचवीस भरत होती आणि पुस्तकं कपाटात होती.

शनिवारी देवराव आले. जेवताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "तुले वीस पायजे होत्या न? भेटल्या. मंग काहून डोकं खपवून राहिली वं?"

"त्या वाचत नाईत."

"कमिटीनं वाचनाऱ्या कुठं मागतल्या? तोंडं मागतली." मग बायकोचा चेहरा पाहून ते सावरले. तू गप्प राहा, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. तास हातचे गेले तर वाचणाऱ्याही गेल्या आणि न वाचणाऱ्याही. राहिले तर पुढे मागे कॅमेरा जाईल, वाचणाऱ्या परत येतील. देवराव शहाणा माणूस. पण इंदूबाईंना त्यांचा शहाणपणा नेमका त्याच वेळी सोसवत नसे. त्यांनी ताट उचललं आणि मोरीत जोरात ठेवलं. चिंचोक्यांवरून ज्यांनी मला खोटं ठरवलं, त्यांच्यापुढे मी आता खरोखर खोटी जाऊ? त्या रविवारी त्यांनी ठरवलं, बैठकीत उभं राहून सांगायचं. यातल्या एकीनंही पुस्तक उघडलं नाही. मोजायचं असेल तर वाचणाऱ्या मोजा, नाहीतर तास घ्या आणि पत्ते खेळा.

बाराव्या दिवशी सत्तावीस बायका होत्या आणि शेवटचा फोटो म्हणून दोघी रडल्या. चंपतरावांनी रोल काढून नेला. कॅमेरा मात्र तिथेच राहिला. वामनरावांनी सांगितलं होतं, काम चांगलं झालं असेल तर दर तीन महिन्यांनी असाच एक रोल काढत जाऊ.

बैठक पुढच्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला, हॉलमध्येच. वामनराव, कमिटीचे दोन सभासद, पेन्शनवाल्यांच्या वतीने एक, आणि चहा द्यायला म्हणून इंदूबाई. चंपतरावांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेले.

वामनरावांनी खिशातून भिंग काढलं, मोजणीच्या वेळचं, काळ्या मुठीचं. हातात लाल पेन्सिल. एक एक फोटो समोर घ्यायचा, प्रत्येक तोंडावर भिंग धरायचं, पेन्सिलीने कडेला टिंब काढायचं, आकडा मोठ्याने सांगायचा. सभासदाने तो लिहायचा. पहिले तीन फोटो: सहा, पाच, सात. पेन्शनवाले गृहस्थ खूश झाले. चौथा, एकोणीस. एक पाठ होती, ती धरली नाही. पेन्शनवाल्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

इंदूबाई कपाटाशी उभ्या होत्या. तोंडात वाक्य तयार होतं. पाचवा झाला की बोलायचं.

पाचव्या फोटोवर वामनरावांचं भिंग पहिल्या ओळीत डावीकडून सुरू झालं. एक, दोन, तीन. चौथ्यावर ते थांबलं. वामनरावांनी भिंग जवळ नेलं, मग लांब नेलं. मग चष्मा काढून धोतराने पुसला आणि पुन्हा लावला. फोटोत नथ स्पष्ट दिसत होती. चेहऱ्यावर असं हसू होतं, जे त्यांनी बहुधा बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

लिहिणाऱ्या सभासदाने विचारलं, "किती म्हणू साहेब?"

वामनरावांनी पाचवा फोटो बाजूला ठेवून सहावा घेतला. तिथेही मधली खुर्ची. सातवा. आठवा. पुढचे सगळे त्यांनी भिंगाशिवाय एकापाठोपाठ पाहिले. मग ते पहिल्यापासून गठ्ठा लावून बसून राहिले. इंदूबाईंच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. हा माणूस आता काय करील ते त्यांना समजेना. गोपिकाबाईंना धरलं नाही तर आठ फोटोंतलं एक एक तोंड कमी होतं. रोजचा आकडा त्यांना पाठ होता, त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. दोनशे पस्तीस. वीसच्या सरासरीला दोनशे चाळीस हवेत. धरलं तर दोनशे त्रेचाळीस.

वामनरावांनीही तीच बेरीज केली असणार. आयुष्यभर बांधावरच्या दगडावरून भावाभावांची भांडणं ऐकलेला माणूस. दगड स्वतःच्या शेतात निघाला म्हणून तो हलवायचा नाही, हे तो लोकांना चाळीस वर्षं सांगत आला होता.

"लिहा," ते म्हणाले. आवाज बारीक होता. "पाचवा. बावीस."

मग त्यांनी पुढचे सातही फोटो मोजले, पहिल्याइतकेच सावकाश, आणि प्रत्येकात पहिल्या ओळीच्या मध्यावर लाल टिंब काढलं. एकूण दोनशे त्रेचाळीस. सरासरी सव्वावीस. दुपारचे तास बायकांचे. पेन्शनवाले गृहस्थ म्हणाले की आता हे फोटो भिंतीवर लावा, आम्हीही मोजून पाहू. त्यांनी गठ्ठ्याकडे हात केला.

वामनरावांनी गठ्ठा पाकिटात घातला आणि पाकीट कोटाच्या आतल्या खिशात. "लावायचे नाहीत," ते म्हणाले.

"ठरलं होतं न साहेब."

"लोकांच्या घरच्या बायका आहेत. भिंतीवर लावायच्या नाहीत." मग ते इंदूबाईंकडे न पाहता म्हणाले, "आणि चंपतरावांना निरोप द्या, कॅमेरा उद्या सकाळी उचला. परत आणू नका."

हीच वेळ होती. इंदूबाईंना बोलायचं होतं की साहेब, हे सगळं खोटं आहे, या बायका वाचत नाहीत. जो माणूस स्वतःच्या घरचं टिंब काढतो, त्याच्यापुढे आपण गप्प राहायचं, हे त्यांना सहन होईना. पण प्रेमिला फाटकाबाहेर उभी राहून बोलली ते डोळ्यांपुढे आलं. त्यांनी कप गोळा केले. एक वामनरावांचा, भरलेला तसाच. तो त्यांनी गरम करून पुन्हा आणून ठेवला, आणि त्याबद्दल पुढे किती तरी दिवस त्या स्वतःवर चिडत राहिल्या.

बुधवारी सकाळी चंपतराव येऊन तिपाई घेऊन गेले. दुपारी नटूनथटून आठ-दहा बायका आल्या, कोपरा रिकामा पाहून हळहळल्या आणि इंदूबाईंनाच बोलून गेल्या, की तुम्हाला साधा एक कॅमेरा सांभाळता आला नाही. अडीच वाजता सिंधूताई खिडकीशी येऊन बसल्या. मग दोघीजणी. त्या कोपऱ्याकडे पाहून आल्या आणि पदर सैल करून बसल्या. इंदूबाई दारात उभ्या राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग स्वतःच चिडून आत आल्या.

पावणेतीनला गोपिकाबाई आल्या. पुढच्या दाराने, साध्या लुगड्यात.

"सांगून आली," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "काल संध्याकाळी जेवले नाईत. फोटो मागतला तं देला नाई. आज मी म्हनलं, निजा तुमी, मी वाचनालयात चालली. पाठ करून निजले." मग त्यांनी घरातलं सगळं सांगायला सुरुवात केली. कोटाच्या खिशात पाकीट कसं आहे, खिशाचं बटण कसं लावलं आहे, आपण ते रात्री कसं चाचपून पाहिलं. आवाज भरदार. सिंधूताईंना सोडून सगळ्यांनी माना वर केल्या.

"गोपिकाबाई," इंदूबाई म्हणाल्या, "इथं वाचून राहिल्या बाया."

"वाचू द्या न. मी काय अडवलं?"

"पुस्तक घ्या एखादं."

"मले कुठं वाचता येते बाई?"

इंदूबाईंनी डोळे मिटून घेतले. दोनशे त्रेचाळीसमधली आठ तोंडं वाचताच न येणारी निघाली होती. त्यांनी खालच्या कप्प्यातलं मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पुस्तक काढून गोपिकाबाईंपुढे टाकलं. त्यांनी ते उलटं धरलं. बाईंनी सुलटं करून दिलं. "हे क," त्या दात आवळून म्हणाल्या. "कमळ. असं म्हना, पन मनात म्हना."

गोपिकाबाईंनी ते मोठ्यानेच म्हटलं. त्याच वेळी दारात प्रेमिला उभी होती, केसांना, भुवयांना पीठ लागलेलं. रिकाम्या कोपऱ्यापासून सगळीकडे नजर फिरवून ती आत आली, आणि थेट तिसऱ्या कपाटाकडे गेली.

"काहून वं, इतक्या दिवसांनी?" इंदूबाई खेकसल्या. "आन् घेतलेलं पुस्तक कुठं आहे? बाकीच्यायनं काय तुयी वाट पाहाची? उद्या आन. नाईतर नवं भेटत नाई." असं म्हणता म्हणता त्यांनी नवं पुस्तक तिच्या हातात दिलं होतं. मग त्या परत खुर्चीशी आल्या, कारण सेक्रेटरींच्या बायकोने आता ख ला क म्हणायला सुरुवात केली होती, आणि तेही सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.